माती उतरवली तो उन्हाळा

आमच्या घरावर माळवद नव्हतं, पत्रा होता. गावातल्या निम्म्या माळवदांवर माती घालणाऱ्या माणसाचं घर पत्र्याचं, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आम्हालाही नाही. माळवदाला हातभर रुंदीच्या दगडी भिंती लागतात, सागाच्या नाहीतर बाभळीच्या तुळया लागतात, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्या आणि पाला, आणि त्यावर मातीचं सपाट छत. हे ज्याच्या वाडवडिलांनी करून ठेवलं तोच त्याखाली झोपतो. माझ्या आजोबांनी ख्रिस्ती धर्म घेतला तेव्हा त्यांच्याजवळ एक खोरं, माती चोपायची एक धुम्मस आणि पुढे पाठ झालेली काही गीतं, एवढीच इस्टेट होती. तीच दादांकडे आली. दादा म्हणजे माझे वडील. गावात त्यांना दावीद मिस्त्री म्हणत.

वैशाखात पत्र्याखाली बसवत नसे. माय भाकरी थापायची ती दाराबाहेर, निंबाखाली, तीन दगडांच्या चुलीवर. पावसाळ्यात पत्र्याचा आवाज इतका की एका खोलीत बसून एकमेकांना हाका माराव्या लागत. दादांचं काम उन्हाळ्यापुरतं. होळी झाली की सुरू, मृग लागला की बंद. उरलेलं वर्ष दुसऱ्याच्या रानात. माय खुरपायला जायची. आमच्याकडे तुरीची डाळ शिजली की गल्लीला कळायचं, कारण मी आणि माझा भाऊ ते सांगत हिंडायचो.

दादांच्या कामाला 'भर घालणं' म्हणत. माळवद उन्हाळ्यात थंड, पण पावसात झिरपतं. म्हणून दर वर्षी पाऊस यायच्या आत त्यावर पांढऱ्या चिकण मातीचा नवा थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, चोपून सपाट करायचा, उतार पन्हाळीकडे काढून द्यायचा. जुन्या थराला कुणी हात लावत नसे. त्याच्यावरच नवा. त्याच्यावर पुढच्या वर्षीचा. गळायला लागलं की लोक भरपावसात पोतं डोक्यावर घेऊन आमच्या दारात.

"दावीद, तुझी भर वाहून गेली की रे! देवघरात पाणी येऊन राहिलं."

मग पुढच्या उन्हाळ्यात त्या घरावर दादा दोन टोपली जास्त टाकत. ज्याची भर जाड, तो मिस्त्री चांगला, अशी आमच्याकडची समजूत. मालकाची तीच, दादांची तीच. एवढं वजन खालच्या दगड-मातीच्या भिंती कशाच्या बळावर पेलतात, असा प्रश्न त्या पंचक्रोशीत कुणाला पडल्याचं मी ऐकलं नाही. मी आता भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यावर ते वजन काढून दाखवू शकते. तेव्हा आम्हाला माती म्हणजे गारवा, एवढंच माहीत होतं.

आता मी नांदेडला असते. इथे मे महिना आला की रस्त्यावरच्या खांबाखांबांवर मुलांचे फोटो लागतात. निकाल लागलेल्या मुलांचे, हसरे, इस्त्री केलेल्या शर्टातले, खाली मिळालेले गुण. एकाच मुलीचा फोटो दोन वेगवेगळ्या क्लासच्या फलकांवर पाहिला, तेव्हा आमच्या शिपायाने विचारलं, "मॅडम, ही पोरगी झोपायची कवा?" मला त्या फलकांचा राग येत नाही. त्यांच्या खालून जाताना मातीचा वास येतो एवढंच. पाणी शिंपडलेल्या पांढऱ्या मातीचा वास पावसाच्या वासाहून वेगळा असतो. थोडा खारट, थोडा चुन्यासारखा. माझ्या नाकात मे महिना म्हणजे तो वास. आणि तोच लातूरचा महिना. दहावी झालेल्या पोरांना घेऊन आया-बापांनी लातूर गाठण्याचा.

मी दहावीत होते त्या वर्षी भूकंप झाला. आमचं गाव हललं, भिंतींना चिरा पडल्या, दोन-तीन गोठे बसले, माणसं वाचली. खालच्या अंगाची गावं मात्र गेली. आमचा पत्रा खडखडला आणि जागच्या जागी राहिला. गरिबाची घरं राहिली आणि दगडी घरं पडली, हे त्या सकाळी पाहिलेल्या माणसाला विसरता येत नाही. दादा उजाडताच खोरं घेऊन निघाले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पावसात भिजत ते किती दिवस तिकडे होते ते मला आज नक्की सांगता येणार नाही. परत आले तेव्हा कपड्यांना सुकलेली माती होती, आणि माय ते कपडे धुवायला न्यायला लागली तर म्हणाले, "राहू दे जरा."

मग भाकरी समोर घेऊन बसले आणि म्हणाले, "दगडानं कमी मेली माणसं. मातीनं जास्त. मऊ माती. चोपलेली. वळखू आली मला."

खालच्या गावांतही दादांनी अनेक उन्हाळे भर घातली होती.

आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी. एका खोलीचं चर्च, त्यालाही पत्राच. पाळकसाहेब लातूरहून एसटीने एक रविवार आड यायचे. उंच, सावकाश बोलणारे, चहात भाकरी बुडवून खाणारे. भूकंपानंतर त्या भागात प्रत्येकाकडे एक कारण होतं. कुणी म्हणे पाप वाढलं, कुणी म्हणे देवाला नवस फेडले नाहीत, आमच्यातले काही म्हणत शेवटचा काळ जवळ आला. पाळकसाहेबांनी उपासनेत असलं काही सांगितलं नाही. त्यांनी शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, बुरुजाची हकीकत काढली. बुरूज कोसळून काही माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका, असं येशूने लोकांना बजावलं. पाळकसाहेब म्हणाले, मेलेल्यांना दोष देऊ नका. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

दादा मागच्या चटईवरून उठले. चर्चमध्ये मधेच कुणी बोलत नसे.

"साहेब, मेलेल्यांचं समजलं. त्यो बुरूज ज्यानं बांधला त्याचं काय लिवलंय?"

पाळकसाहेबांनी पान उलटलं, परत मागे उलटलं. मग म्हणाले, "त्याचं काही लिहिलेलं नाही, दावीद."

"बरं," म्हणून दादा खाली बसले. पुढचं गीत त्यांनी सगळ्यांबरोबर म्हटलं.

मला वाटतं, पाळकसाहेबांनी तेव्हा घाईने क्षमेचं वचन काढून दिलं असतं तर दादांनी ते ऐकून घेतलं असतं आणि विषय संपला असता. नंतर चहाच्या वेळी ते म्हणालेही, "तू जाणून केलं नाहीस. देव मन बघतो." दादा म्हणाले, "हाव. झाल्याचं देव बघंल. आता पुढं उन्हाळा येऊन राहिला, त्याचं मला बघावं लागंल न्हवं?" माझ्या आयुष्यातला धर्माचा अभ्यास बराचसा या एका वाक्यात झाला. झालेल्या गोष्टीची क्षमा मागता येते. उद्या करायच्या गोष्टीची आज मागून ठेवता येत नाही.

दादांना अक्षरं लावून वाचता यायचं, पण सावकाश. त्या हिवाळ्यात, ज्वारी पोटऱ्यात आली होती तेव्हा, ते मला म्हणायचे, "शास्त्रात छपराचं कुठं काय आलंय ते बघ." मी दहावीची पोर, मला वाटायचं, प्रश्नपत्रिका सोडवू का छपरं शोधू? पण शोधलं. छप्पर उकलून पक्षाघाती माणसाला खाली सोडतात ते सापडलं, ते दादांना आवडलं. "माती उकरली असंल त्येंनी," म्हणाले, "घरमालक वराडला असंल." मग मोशेच्या नियमांत एक बारीकसा नियम सापडला. नवं घर बांधशील तर धाब्याला, म्हणजे वरच्या सपाट छताला, कठडा कर. वरून कुणी पडून मेलं तर त्या रक्ताचा दोष तुझ्या घराला लागेल, अशा अर्थाचा. मी तो वाचून दाखवला. दादांनी पुन्हा वाचायला लावला. मग उठून बाहेर गेले.

त्या नियमात देवाने पडणाऱ्याला सांगितलेलं नाही की जपून चाल. बांधणाऱ्याला सांगितलंय. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. दादांना कळलं असावं.

दहावीचा निकाल लागला. मी शाळेत पहिली आले. गावात हलगी वाजली नाही, पण मुख्याध्यापक घरी येऊन निंबाखाली बसून गेले, ते आमच्यासाठी हलगीसारखंच. सगळे म्हणाले, लातूर. तेव्हा लातूरचं नाव नुकतं गाजायला लागलं होतं. तिथे अकरावीला गेलं आणि क्लास लावला की पोरगं डॉक्टर होतं, असा बोलबाला. लातुरात शाळेच्या मैदानावर भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडी, आणि त्याच रस्त्याने पुढे गेलं की क्लासच्या पाट्या. एकीकडे माणसं घर कसं बांधावं विचारत होती, दुसरीकडे पोरांचं कसं करावं. उत्तरं दोन्हीकडे घाईची होती.

गावातले बाबूराव हे मोठे शेतकरी. त्यांची सुनीता माझ्याच वर्गात, माझी मैत्रीण. बाबूरावांनी लातूरला खोली घेतली होती आणि स्वयंपाकाला त्यांची म्हातारी आई पोरीसोबत जाणार होती. एके दिवशी सकाळी ते आमच्या निंबाखाली आले. खाटेवर बसले, मायच्या हातचं पाणी प्याले. ख्रिस्तवाड्यात पाणी पिणारा बाबूराव हा तेव्हाचा पुढारलेला माणूस, हेही सांगायला हवं.

"मिस्त्री, यंदा भर घालायचीय. चिरा बुजवून घेतल्यात. घर टिकलंय, म्हंजी मजबूत हाय."

दादा म्हणाले, "जुनी उतरवू द्या, मालक. सगळी. मग एक पातळ थर टाकून देतो."

"येडा का खुळा? जुनी उतरवायची म्हंजी महिनाभर घर उघडं. पाऊस तोंडावर हाय. चार टोपली टाक म्हनून राहिलो, डोंगर न्हाई मागितला."

"त्येच्यावर अजून न्हाई टाकणार मी."

बाबूराव रागावले नाहीत. ते हसून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुझी पोरगी हुशार हाय. आमच्या सुनीताला जोड होईल. एकाच खोलीवर राहतील दोघी, आमची माय रांधून घालंल, क्लासचं मी बघतो. तू आपलं माळवदाचं बघ. काय वहिनी?"

मायने पदर तोंडाला लावला. माझ्या पायाखालची जमीन तेव्हा खरी हलली. सुनीताची खोली, खिडकीशी टेबल, पहाटेचे क्लास, पांढरा कोट. सगळं मला त्या खाटेच्या आसपास दिसत होतं. आणि मध्ये फक्त चार टोपली माती.

दादांनी विचार करायला वेळ मागितला. प्रार्थना करतो म्हणाले.

मायचा प्रार्थनेवर विश्वास होता, पण दादांच्या विचार करण्यावर नव्हता. बाबूरावांची पाठ वळताच ती सुटली. "इतकी वर्सं टाकली तवा देवानं हात धरला न्हाई. आता लेकीच्या येळंला बरा धरला! दुसरा कुणी येऊन टाकंलच की माती. तुमी न टाकून त्या घराचं वजन कमी हुनार हाय व्हय?"

"न्हाई हुनार."

"मग? मेलेल्यांसाठी माझी पोरगी घरी बसवता?"

"मेलेल्यांसाठी न्हाई," दादा म्हणाले. "त्या घरात सुट्टीला सुनीता येऊन झोपनार हाय."

मायने त्यावर ज्वारी पाखडायचं सूप जोरात आपटलं आणि त्या दिवसापासून दादांशी बोलणं भावामार्फत सुरू केलं. "तुझ्या बापाला सांग, भाकर झाली." दादा पलीकडे दोन हातांवर बसलेले. माझा भाऊ दोघांकडे बघून म्हणे, "ऐकलं की त्येनी."

मी काय केलं? मी रडले, आणि चर्चमध्ये जाऊन बसले, आणि प्रार्थनेत देवाला सांगितलं की दादांना अक्कल दे. देवाने माझं ऐकलं नाही, किंवा माझ्याआधी दादांचं ऐकून झालं होतं. दादांनी बाबूरावांच्या दारात जाऊन नाही म्हणून सांगितलं. बाबूरावांनी जळकोटकडचा दुसरा मिस्त्री आणला. त्याने नव्या मातीची जाडजूड भर घातली, छान चोपली. सुनीता लातूरला गेली. जाताना माझ्याकडे आली, म्हणाली, "तू आली असतीस तर मजा आली असती गं." तिला कारण माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्या उन्हाळ्यात दादा दारोदार उलटंच काम मागत फिरले. भर घालणारा माणूस माती उतरवू का विचारतो, याची गावाला गंमत वाटली. पारावरची मंडळी म्हणत, "दावीद, आधी बापानं चढवली, मग तू चढवली. आता उतरवायचे पैसे पुन्हा आमीच द्यायचे का रे?" दादाही हसत. चेष्टा करणाऱ्याच्या घरचं माळवद मात्र मान वर करून बघत.

पहिलं माळवद मिळालं हमीदाबींचं. त्यांच्या यजमानांचं औशात बांगड्यांचं दुकान, घर आमच्या गावात. हमीदाबी ठणठणीत आवाजाच्या. म्हणाल्या, "उतरव भाई, समदं उतरव. भूकंपापासून मला झोपच न्हाई. बोझा वरती अन् मी खालती. अल्लानं एकदा सोडलं, दुसऱ्यांदा कशाला आजमावायचं?"

दादांबरोबर मी वर चढले. क्लास नव्हता, शाळा नव्हती, राग होता. तो टिकावाला उपयोगी पडला. माळवद कापलं की आत वर्षं दिसतात. वरचा थर दादांचा, उजळ. त्याखाली पुन्हा दादांचे, एकावर एक. मग एक अगदी पातळ, करडा. "दुष्काळातला," दादा म्हणाले, "पाणी नव्हतं शिंपडायला." त्याच्या खाली आजोबांचे. आजोबा मातीत थोडा भुसा मिसळत, म्हणून तो थर ओळखू येई. दादांनी त्यावर हात फिरवला आणि खोरं घातलं. मधे बांगड्यांच्या काचा सापडल्या, चिंचोके सापडले, विंचू निघाले. धूळ इतकी की थुंकी पांढरी. हमीदाबी खालून ओरडायच्या, "पोरी, तोंडाला फडकं बांध! काळी तर हायेसच, आता भुरी होशील!"

दुसऱ्या का तिसऱ्या दिवशी शिडीवर आवाज आला. माय वर येत होती, डोक्याला चुंबळ बांधून. ती भावाला म्हणाली, "तुझ्या बापाला सांग, टोपली भरून दे." भाऊ तिथे नव्हताच. दादांनी टोपली भरून तिच्या डोक्यावर ठेवली. तिने ती खाली नेली, रिकामी करून परत आली. संध्याकाळपर्यंत असंच. शेवटच्या खेपेला म्हणाली, "केवढी हो ही माती." थेट दादांना.

तेवढंच बोलली. ती कधी म्हणाली नाही की दादांचं बरोबर होतं. मीही इतक्यात म्हणणार नाही. बाबूरावांचं घर पडलं नाही. पडलं असतं तर ही हकीकत सांगणं सोपं झालं असतं, आणि पाळकसाहेबांना एक चांगला दाखला मिळाला असता. ते घर पुढे कितीतरी पावसाळे तसंच उभं राहिलं, मग त्यांनी स्वतः होऊन पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. सुनीता डॉक्टर झाली, चांगली डॉक्टर आहे. म्हणजे हिशोबाने पाहिलं तर दादांच्या नकाराने काहीही वाचलं नाही, आणि माझं लातूर गेलं. लोक निवड योग्य होती की नाही ते निकालावरून ठरवतात. दादांची निवड त्या परीक्षेत नापास आहे. मी अनेक वर्षं ती त्याच परीक्षेला बसवत होते. पुढे लक्षात आलं की दादांनी घर पडेल असा अंदाज बांधलाच नव्हता. पडू शकतं हे त्यांना कळलं होतं आणि कळल्यावर ते माती टाकू शकत नव्हते. देवासमोर उभं राहायचं तर माणूस आपला हात कशाला लागला एवढंच सांगू शकतो. पुढे काय घडलं ते त्याच्या हातात नसतं. असं मी आज मानते. अकरावीतल्या मुलीला हे सांगितलं असतं तर तिने धुम्मस फेकून मारली असती.

परवा एक आई मुलाला घेऊन आल्या होत्या, भोकरहून. मुलाला सकाळी एक क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी दुसरा क्लास, रविवारी सराव परीक्षा. गुण घसरले होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, अजून एक क्रॅश कोर्स लावू का?" मुलगा भिंतीकडे बघत होता. मी म्हटलं, "आधी एक काढा, मग बघू." त्यांना ते पटलं नाही. "काढायचं कसं? बाकीचे लावून राहिलेत," म्हणाल्या, आणि गेल्या. त्यांच्या जागी बसून मीही कदाचित तेच म्हटलं असतं. लेकरासाठी घातलेलं काही काढून घेणं ही गोष्ट आईबापाला कठीणच जाते.

मी अकरावी-बारावी औशाला केली, एसटीने जाऊन-येऊन. रसायनशास्त्राला निम्मं वर्ष शिक्षक नव्हते. क्लास नव्हता. डॉक्टरकीला लागतात तेवढे गुण पडले नाहीत, आणि मी ते कुणापासून लपवत नाही. नांदेडला माझी मावशी होती, तिच्या घरी राहून बी.एस्सी.ला गेले. सुट्टीत गावी आले की दादांबरोबर माळवदावर. हळूहळू त्यांना बोलावणी येऊ लागली होती. पारावर चेष्टा करणारेही त्यात होते.

शेवटच्या वर्षाचा निकाल लागला तेव्हा मी नांदेडहून थेट गावी आले. घरी कुणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, दोघंही वरच्या आळीला, कुणाच्यातरी माळवदावर. तिथे गेले तर भिंतीवरून माती खाली पडत होती आणि धुळीत काही दिसत नव्हतं. मी खालूनच ओरडले, "दादा, निकाल लागला!"

माती पडायची थांबली. वरून दादांचा आवाज आला, "वर येऊ नको, तुळई कच्ची हाय. थांब, मीच खाली येतो."

मायला दम निघाला नाही. ती काठावर येऊन, डोळ्यांत धूळ घेऊन विचारती झाली, "काय झालं गं? सांग की!"

मी भौतिकशास्त्र घेऊन पदवीधर झाले होते. प्रथम श्रेणीत. आमच्या घराण्यात ती पहिलीच पदवी होती.